बाटली नको म्हणणारा तात्या

तात्याची नि माझी ओळख एका चपलेमुळे झाली. ती त्यानं टेक्निशियनच्या दिशेनं भिरकावली होती, लागली माझ्या पलंगाच्या लोखंडी दांडीला. चांगली करकरीत, तेल पाजलेली कोल्हापुरी चप्पल. माझ्या दोन्ही किडन्या तेव्हा नुकत्याच कामातून गेल्या होत्या. मशीनवर पडून रक्त धुऊन घ्यायची अजून सवय व्हायची होती. आणि शेजारी हा आडदांड गडी, हातात दोन सुया खुपसलेल्या असताना, अर्धा उठून शिव्या घालत होता. का, तर टेक्निशियननं त्याला 'काका' म्हटलं होतं.

मी वारणानगरच्या शाळेत उभी हयात वर्ग सांभाळलेली बाई. असले पुष्कळ बघितलेत. वॉर्डातल्या मावशींना चप्पल उचलायला लावली, माझ्या उशाखाली घातली आणि त्याला सांगितलं, मशीन बंद झाल्यावर मिळेल, तोवर अनवाणी पड. तो माझ्याकडं बघत राहिला. मग म्हणाला, "बाई, तुमी मास्तरीण काय?" मी हो म्हटलं. तो गुमान भिंतीकडं तोंड करून पडला. पुढं आठवड्यातनं तीनदा, चार-चार तास, आम्ही शेजारी-शेजारी पडून होतो. नवऱ्याशीसुद्धा मी एवढं बोलले नसेन.

तात्या शिवाजी पेठेतला. गोठ्यात आठ-दहा म्हशी. सकाळ-संध्याकाळ म्हैस कट्ट्यावर आणून गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत धार काढून द्यायची, हा घरचा धंदा. वय पन्नाशीच्या आत-बाहेर. तरुणपणी पेठेच्या संघात फुटबॉल खेळायचा, बॅकला. चेंडूपेक्षा माणसंच जास्त अडवली, असं तोच सांगायचा, आणि ते सांगताना त्याचा चेहरा लग्नातल्या वरबापासारखा फुलायचा. कुणाचं नडगं फोडलं, कुणाला मैदानाबाहेर गाठला, सगळं तपशिलानं. नाव विसरायचा, पण कुठं मारलं होतं ते लक्षात असायचं.

आधी हाणायचं, मग इचारायचं, हे त्याचं ब्रीद. दुधात पाणी घातलंय म्हणणाऱ्याच्या डोक्यात त्यानं चरवी घातली होती. दवाखान्याच्या दारात गाडी आडवी लावली म्हणून एका रिक्षावाल्याच्या कानशिलात मारली आणि मारून झाल्यावर तोच धापा टाकत पायरीवर बसला. मग त्याच रिक्षावाल्यानं त्याला धरून लिफ्टपर्यंत आणलं. अंगात रक्तच नव्हतं. हिमोग्लोबिन सहाच्या आसपास. ओठ पांढरे, नखं पांढरी, डोळ्यांच्या पापण्या खाली ओढल्या तर आत चुन्यासारखं. चुलतभाऊ सहज म्हणाला, तात्या पांढरा पडलास, तर त्याचे दोन दात गेले.

आणि तो बायकोला मारायचा. हे मी मागं ठेवून त्याच्या गमती सांगत बसणार नाही. सुमन डबा घेऊन यायची, तेव्हा कधी भुवईवर खोक असायची, कधी मनगट सुजलेलं. विचारलं तर सरळ सांगायची, मारलं म्हणून. म्हशीनं ढकललं, जिन्यावरनं पडले, असलं काही नाही. मी तात्याला तोंडावर सांगितलं की तू माझ्या वर्गात असतास तर तुझी बोटं फोडली असती. तो म्हणाला, फोडायला पायजे हुती. त्याला काय वाटून तो असं बोलला, देव जाणे. पुढल्या आठवड्यात सुमनच्या गालावर पुन्हा वळ होता. मी त्या दिवशी त्याच्याशी बोलले नाही. मेला तर बरं, असंही माझ्या मनात येऊन गेलं, आणि ते आलं म्हणून मला काही वाईट वाटलं नाही.

रक्ताचं कोडं त्याला सुटत नव्हतं. माझी मुतायची मशीन बिघडली, त्यात रक्ताचा काय संबंध, असं तो डॉक्टरांशी भांडायचा. आमचे डॉक्टर शांत. त्यांनी त्याला समजावलं की रक्त तयार होतं हाडांच्या आत, पण ते तयार करा म्हणून हुकूम सोडते किडनी. हुकूम सोडणारीच गेली, म्हणून कामगार नुसते बसून आहेत. पोटावर, कातडीखाली जी बारीक सुई देतात ती म्हणजे तो हुकूम. मशीनवर असताना शिरेतनं जे लोह देतात तो कच्चा माल. दोन्ही वेळच्या वेळी घेतलं की रक्त वाढतं. पण सावकाश, महिन्या-दोन महिन्यांनी.

सावकाश हा शब्द त्याच्या डोक्यात जायचा. मशीनच्या त्या जाड सुया तो डोळे उघडे ठेवून टोचून घ्यायचा, आणि पोटावरच्या केसाएवढ्या सुईला मात्र कचरायचा. तिला तो मुंगी म्हणायचा. सुई द्यायच्या दिवशी तो दांडी मारायचा. वर सुमनच्या मागं लागून बोकडाची रक्ती आणि काळीज करून घ्यायचा. रक्तानं रक्त वाढतं, पेठेत सगळ्यांना ठाऊक हाय, असं त्याचं शास्त्र. एकदा सणानिमित्त परातभर रक्ती खाल्ली, वरनं पांढऱ्या रश्श्याच्या वाट्या रिचवल्या, आणि दुसऱ्या दिवशी छातीत धडधडायला लागलं म्हणून त्याला उचलूनच आणला. पोटॅशियम डोक्याच्या वर गेलेलं. वैशाली सिस्टरनं त्याला असं झापलं की सगळा वॉर्ड ऐकत होता. त्यानं सिस्टरवर हात उगारला. तिनं गाल पुढं केला आणि म्हणाली, मार, मग तुझी सुई मीच काढणार आहे. त्यानं हात खाली घेतला.

त्याला हवी असायची बाटली. रक्ताची. आमच्या दवाखान्यात यायच्या आधी त्याला दोन-तीनदा रक्त चढवलं होतं. पेठेत नुसता निरोप गेला की पोरांची रांग लागायची. बाह्या सारून, दंड दाखवत, माझं घ्या, माझं घ्या. बाटली चढली की दुसऱ्या दिवशी तात्या वाघ. म्हशी धुवायला पंचगंगेवर. म्हणून सुईचं नाव काढलं की तो म्हणायचा, हे शेळीगत चाललंय, त्यापेक्षा बाटली लावा की, आमच्यात रक्ताला काय कमी हाय.

मी एकदा गंमत केली. त्याला सांगितलं की तुझ्या पोरांनी दिलेलं रक्त तुलाच चढतं असं नाही. ते रक्तपेढीत जातं, आणि बदल्यात जुळणारं दुसऱ्या कुणाचं तरी येतं. तो उठून बसला. म्हणजे माझ्या अंगात पलीकडच्या पेठेतल्याचं आसंल? मी म्हटलं, असेल की. कदाचित ज्याचं नडगं फोडलंस त्याचंच असेल. पहिल्या दिवशी माझं आडनाव विचारून तू जरा गप्प झाला होतास ना, तर आमच्या बौद्धवाड्यातल्या कुणाचंही असेल. रक्त चढवून घेताना आडनाव विचारलं होतंस का? वैशाली सिस्टर तोंडावर हात ठेवून हसत होती. तात्या बराच वेळ आपल्या हाताकडं बघत पडला. मग म्हणाला, "चांगलं लागलं की पण." पुढच्या वेळी त्यानं माझ्यासाठी खरवस आणला. मला चालत नाही, त्यालाही चालत नाही. तरी आणला, आणि सिस्टरला खायला घातला.

मग ती किडनीची गोष्ट निघाली. सुमन स्वतः डॉक्टरांकडं गेली आणि म्हणाली, माझी तपासा. तपासली. रक्तगट जुळला, बाकीचंही सगळं जुळत आलं. मला कळलं तेव्हा मी तिला बाहेर बाकड्यावर गाठलं आणि खडसावून विचारलं की बाई, तुला वेड लागलंय का? ह्या माणसाला तू पोटातला अवयव काढून देणार? ती पदराला हात पुसत होती. म्हणाली, "बाई, मला रांडाव व्हायचं भ्या न्हाय. म्हसरं मी एकटी सांभाळीन. पण माझा तुकडा त्यांच्या पोटात गेला, की हात उचलताना त्यास्नी इचार करावा लागंल. मला ते बघायचं हाय."

तिचा तो सूड होता का माया होती, का दोन्ही, ते मला अजून उमगलेलं नाही. तिला विचारलं असतं तर तिनंही सांगितलं नसतं.

डॉक्टरांनी एकच अट घातली. ऑपरेशन होईपर्यंत बाहेरचं रक्त शक्यतो चढवायचं नाही. आधीच दोन-तीनदा घेऊन झालंय, आता टाळायचं. तात्यानं कारण विचारलं. डॉक्टर म्हणाले की परक्याचं रक्त अंगात आलं की अंग सावध होतं, हत्यारं तयार करून ठेवतं. पुढं सुमनची किडनी बसवली तर तीही परकीच, मग ती हत्यारं तिच्यावरच चालतील. एकेका बाटलीनं धोका वाढतो.

हे मात्र तात्याला एका झटक्यात कळलं. हुकूम, कच्चा माल, काही कळलं नव्हतं, मारामारी कळली. "म्हंजी माझं अंग माझ्यावरच गेलंय," तो म्हणाला. "दिसला परका की हाण." डॉक्टर हसले, म्हणाले, असंच समजा.

त्या दिवसापासून मी जो तात्या बघितला तो वेगळाच. सुईच्या दिवशी सगळ्यांच्या आधी हजर, शर्ट वर करून. लोह चढताना बाटलीकडं असा बघायचा, जशी म्हैस पान्हवायची वाट बघावी. पेठेत जाऊन पोरांना तंबी दिली की मी बेशुद्ध पडलो तरी कुणी बाही वर करायची न्हाय. त्या सुईनं रक्तदाब चढतो, म्हणून डॉक्टरांनी गोळ्या वाढवल्या आणि संतापू नका म्हणून बजावलं. आता तात्यानं संतापायचं नाही म्हणजे काय! कुणी वाकडं बोललं की तो दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसायचा. चेहरा लालबुंद, कपाळावर शीर उभी, आणि हात मांडीखाली. टेक्निशियन मुद्दाम त्याला काका म्हणून बघायचे. रक्त सहावरनं साडेसात, मग नऊ, मग दहाच्या वर आलं. त्याला आणखी हवं होतं, पंधरा करा की म्हणायचा. डॉक्टरांनी सांगितलं की यापेक्षा जास्त ओढलं तर रक्ताची गाठ होऊन लकवा मारायचा, एवढं बास. त्यानं ऐकलं. तात्यानं ऐकलं!

सुमनला विचारलं, मारतो का? म्हणाली, पावसाळ्यापासनं न्हाय. वर म्हणाली, त्यास्नी झोप लागत न्हाय पण. ऑपरेशनची तारीख दिवाळीनंतरची ठरत होती.

दिवाळीच्या पाडव्याला कोल्हापुरात म्हशी पळवतात. शिंगं रंगवायची, गळ्यात कवड्यांचे पट्टे बांधायचे, आणि मालक पुढं मोटरसायकल पळवतो, म्हैस त्याच्या मागं धावते. कुणाची म्हैस मालकाला किती ओळखते, ते साऱ्या गावाला दाखवायचं. तात्याला गाडी चालवायला डॉक्टरांनी मनाई केलेली. गाडीवर त्याचा धाकटा भाऊ दिलीप, आणि तात्या कडेला उभा, हात पाठीशी बांधून. हे मला नंतर दिलीपनं सांगितलं. दुसऱ्या कळपातल्या एकानं तात्याच्या म्हशीच्या तोंडावर काठी मारली. दिलीप म्हणाला, बाई, दादा दात खाऊन उभा हुता. त्या माणसानं पुन्हा मारली. डोळ्यावर. म्हैस ओरडली, आणि दादा गेला.

गेला तो डावा हात उचलून. त्याच डाव्या हातात त्याचा फिस्टुला होता. डायलिसिससाठी दोन रक्तवाहिन्या जोडून शीर फुगवलेली असते, कातडीखाली दोरखंडासारखी. हात लावला तर आत घरघर लागते. आमचा सगळा जीव त्या एका शिरेवर. त्या हातानं पिशवीसुद्धा उचलायची नसते. तात्यानं त्या हातानं माणसाचं नाक फोडलं. समोरच्याच्या मनगटात पोलादी कडं होतं, त्याची कड ह्याच्या शिरेत घुसली.

मी त्या वेळी दवाखान्यातच होते. मशीनला दिवाळी नसते. माझं संपवून खाली दारात गावी नेणाऱ्या जीपची वाट बघत बसले होते, आणि पोरांनी त्याला उचलून आणला. फरशीवर रक्ताची धार, पोरांच्या नव्या कपड्यांवर रक्त, आणि त्यात म्हशीच्या शिंगांचा गुलाबी रंग मिसळलेला. तात्या उजव्या अंगठ्यानं शीर दाबून होता. सुया काढल्यावरसुद्धा तो कुणाला दाबू द्यायचा नाही, स्वतःच दाबायचा. पण आता बोटांत ताकद नव्हती. रक्त बोटांमधनं येत होतं.

डॉक्टरांनी वर पट्टा आवळून शीर बांधली, टाके घालायला घेतले, पण जायचं तेवढं गेलं होतं. रक्त लावायला लागणार म्हणाले. लगेच पोरांच्या बाह्या वर. दिलीप सगळ्यांत पुढं, दादा माझं घे म्हणत वाकला, आणि तात्यानं पडल्या पडल्या त्याच्या तोंडावर अशी मूठ मारली की दिलीपच्या तोंडातनं रक्त आलं. वॉर्डबॉय धरायला आला, त्याला लाथ. सलाईनचा स्टँड आडवा केला. तीन-चार माणसं त्याला दाबून धरत होती आणि तो मेलेल्या आवाजात ओरडत होता.

"बाटली न्हाय. लावंल त्याला जित्ता सोडत न्हाय मी. सुमीची किडनी वाया जाईल."

आयुष्यात मी पुष्कळ मारामाऱ्या बघितल्या, पेठेतल्या, जत्रेतल्या, मतदानाच्या दिवसाच्या. जगवणाऱ्यांना मारत मरायला निघालेला माणूस एवढाच. मग त्याचे डोळे फिरले आणि मूठ आपोआप उघडली.

सुमन आली ती गोठ्यातनं, ओवाळणीच्या नव्या लुगड्यात, हाताला शिंगांचा रंग. डॉक्टरांनी तिला बाजूला घेतलं. तिनं एकच विचारलं, रक्त दिलं तर माझी किडनी त्यास्नी बसंल का? डॉक्टर म्हणाले, सांगता येत नाही. आणि न दिलं तर? डॉक्टरांनी नुसती मान हलवली. सुमननं तात्याकडं बघितलं, दिलीपच्या फुटलेल्या ओठाकडं बघितलं.

"लावा," ती म्हणाली.

दोन बाटल्या लागल्या. तात्या जगला. शुद्धीवर आला तेव्हा स्टँडवर लोंबणारी बाटली बघून तो म्हणे रडला. मला कुणीतरी सांगितलं, मी बघितलं नाही. काही आठवड्यांनी पुन्हा तपासणी झाली, आणि डॉक्टर रिपोर्ट घेऊन वॉर्डात आले. मानेत नळी घालून त्याचं डायलिसिस चाललेलं, सुमन स्टुलावर. मी शेजारीच, मला कुठं जाता येणार? डॉक्टरांनी हळू सांगितलं की अंगानं हत्यारं केलीत, आणि नेमकी सुमनच्या विरुद्धच. आता तिची किडनी घातली तर अंग ती लगेच मारून टाकेल. मोठ्या शहरात काही उपाय करतात, पण भरवसा नाही. मेलेल्या माणसाची किडनी मिळते, त्या यादीत नाव घालू.

मला वाटलं, आता हा उठणार. मशीन पाडणार, सुमनला मारणार. लावा म्हणणारी तीच होती. मी मावशींना डोळ्यांनी खूण केली. तात्यानं वाकून चप्पल उचलली, आणि स्वतःच्या डाव्या हातावर, टाक्यांच्या व्रणावर, मारायला लागला. सटासट. "तिला वळकलं न्हाईस? तिला वळकलं न्हाईस व्हय रं?" सिस्टर धावल्या, टेक्निशियन धावला, मशीनचा भोंगा वाजायला लागला.

सुमन जागची उठली नाही. भोंगा बंद झाल्यावर ती म्हणाली, "त्या हातानं कवा वळकलंय मला, जे आता रक्त वळकंल."

मलाच लाज वाटली, आणि कशाची ते कळेना. तात्यानं चप्पल खाली ठेवली. तिच्याकडं बघायचं धाडस त्याला झालं नाही, तो माझ्याकडं बघत होता, जसं काही मी उत्तर सांगणार. मी भिंतीकडं तोंड केलं.

त्यानंतर तो फार दिवस नव्हता. कट्ट्यावर सुमन एकटीच धार काढायला लागली होती. त्यानं पुन्हा हात उचलला का, ते मी विचारलं नाही. हृदय दमलं होतं, एका पहाटे गोठ्यातच गेला. मी त्याला माफ केलेलं नाही. शेजारचा पलंग मात्र मी अजून कुणाला धड पडू देत नाही, नवीन पेशंट आला की उगाच खेकसते.

त्याला शेवटचा बघितला तो एका साध्या वारी. उजव्या हातात नवा फिस्टुला करून झाला होता. चार तास संपले, सिस्टरनं सुया काढल्या, बोळा ठेवला. तात्यानं सवयीनं डावा हात पुढं केला, पण टाके पडल्यापासनं त्या हाताला जोर नव्हता, बोटं बोळ्यावर ठरेनात. सुमन स्टुलावरनं उठली. तिनं त्याचा हात बाजूला सारला आणि स्वतःचा अंगठा बोळ्यावर ठेवला. चांगला दाबून. धार काढून काढून त्या बाईच्या अंगठ्यात गड्याचं बळ होतं. तात्याचं तोंड वाकडं झालं.

"हळू की," तो म्हणाला.

"गप पडा."

तो गप पडला. खाली माझी जीप आली होती, ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. मी पिशवी उचलली, दारापर्यंत गेले आणि मागं वळून बघितलं. रक्त केव्हाच थांबलं होतं. सिस्टर दोनदा म्हणाली, वहिनी, सोडा आता. सुमन दाबूनच होती.